व्हिएतनाम, दिवाळीची सुट्टी आणि सत्तरीचे आईबाबा: कसं जमवावं?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज आटपली की दोन दिवसांत व्हिएतनामला निघायचं घाटतंय. एकूण नऊ दिवस. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि माझे आईबाबा. आई ६८, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा ७३, निवृत्त संस्कृत शिक्षक, चालायला माझ्यापेक्षा टणक. मुलगा सगळं खातो, माझं डोकंसुद्धा.

बाबांची अट एकच: ‘मी सन’ची शिवमंदिरं बघायची. बाकी कुठंही न्या म्हणतात.

कच्चा आराखडा असा: हो ची मिन्ह सिटी दोन दिवस, मग दा नांग-होई आन-मी सन तीन, हनोई दोन, हा लाँगला बोटीवर एक रात्र. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. जाऊन आलेल्यांनी सांगा, जमेल का? आणि आईच्या खाण्याचं काय?

गुळपोळी
वाचतेय. आम्हालाही जायचंय.

बंडोपंत
नऊ दिवसांत अख्खा देश? हनोई ते सायगाव (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) रेल्वेनं १७२६ किलोमीटर आहे. मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त. मधे विमानं घेतलीत तरी अर्धी सहल बॅगा भरण्यात जाईल. आईंचे गुडघे त्या बॅगांच्या चेनवर बसवण्यासाठी नाहीत.

शेवगा
एवढ्या पैशात कोकण बघून होतं. आधी आपलं बघा.

गुळपोळी
@शेवगा, आलात! तुमच्याशिवाय परदेश प्रवासाचा धागा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

सायगावकर
सहा वर्षं हो ची मिन्ह सिटीत राहतोय, म्हणून आयडी असा. (मूळचाही सायगावचाच, जावळी तालुक्यातला. ऑफिसात कुणालाच हा विनोद कळत नाही, म्हणून इथे सांगतो.)

सोनचाफा, तुमच्या आराखड्यात घोळ आहे तो जागांचा नाही, तारखांचा. नोव्हेंबरच्या मध्यात दा नांग-होई आन नको.

व्हिएतनामचं हवामान एक नाही, निदान तीन आहेत. दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडे, मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस, मग एप्रिलपर्यंत कोरडं. उत्तरेला, हनोईकडे, पाऊस उन्हाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान, हवा कोरडी, अंगात पातळ स्वेटर. मधला पट्टा मात्र उलटा चालतो. ह्युए, दा नांग, होई आनला सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस, आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कहर.

कारण आपल्याला समजायला सोपं आहे. कोकणात वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, सह्याद्रीला अडतो, कोसळतो. तिथे समुद्र पूर्वेला आणि ट्रुओंग सोन डोंगररांग पश्चिमेला. आपला मान्सून परतला की ईशान्येचा वारा समुद्रावरचं पाणी उचलून त्या डोंगरांवर आपटतो. चेन्नईचं दिवाळीच्या सुमारास जे होतं तेच, फक्त पाठीशी डोंगर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्युए आणि होई आन दोन्ही पाण्यात होती.

सोनचाफा
अरे देवा. पण यूट्यूबवर तर सगळे कंदिलांखाली हसत फिरताना दिसतात.

बंडोपंत
भिजलेला माणूस व्हिडिओ टाकत नाही ताई.

निशिगंध
आम्ही टाकला नाही हे खरं :) आम्ही २०२२ साली ऑक्टोबरमध्ये होतो होई आनला. थू बोन नदी रस्त्यावर आलेली. हॉटेलवाल्यांनी पहाटे शांतपणे खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या वर नेल्या आणि नाश्ता जिन्यात वाढला. कुणाचा आवाज चढलेला नाही, जणू पाहुणेच यायचे होते.

पुराच्या आधी एक दिवस मिळाला त्यात एक जुना व्यापाऱ्याचा वाडा बघितला. आत भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आणि शेजारी साल लिहिलेलं, आपण दारामागे पोरांची उंची लिहितो तसं. एक खूण माझ्या डोक्याच्या वर होती. माळ्याला चौकोनी झडप आहे, पाणी चढलं की त्यातून माल दोरीनं वर ओढून घ्यायचे. माझ्या लक्षात कंदील राहिले नाहीत, ती झडप राहिली.

घाटवाट
मी सनबद्दल थोडं, कारण त्यासाठी मी दोनदा गेलोय.

होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चाम लोकांच्या जुन्या चंपा राज्याची ही मंदिरं. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजानं इथे शिवाचं देऊळ बांधलं आणि देवाला आपलं नाव जोडलं: भद्रेश्वर. पुढे तेराव्या शतकापर्यंत राजे भर घालत राहिले. बाबांना आवडेल ती गोष्ट म्हणजे शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत आहेत. विटांच्या सांध्यात चुन्याची रेघ दिसत नाही, त्या कशानं चिकटवल्या यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्यानं इथल्या तीन समूहांचं काम केलं आणि त्यातच २०२० साली नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं.

पण मनाची तयारी ठेवा. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत सगळ्यात देखणा मनोरा गेला. गवतात अजून बाँबचे खड्डे आहेत, मंदिरांच्या अगदी शेजारी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका खड्ड्याला पुष्करिणी समजून फोटो काढत होतो. गाइडनं काही न बोलता फक्त वर आकाशाकडे बोट केलं.

आप्पा_नाशिककर
शिवमंदिरांवरून आठवले. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक सैनिक येथे विसावला आहे' असे कोरलेले आहे. त्यांच्या मंत्री रायगडावरची मूठभर माती घेऊन गेल्या. आपल्या मुलास हे जरूर दाखवावे.

बंडोपंत
आप्पा, व्हॉट्सॲपची माती फार सुपीक हो.

सायगावकर
आप्पा, हा प्रश्न मला दर सुट्टीत साताऱ्यात विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितो. असं काही कोरलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ ला वारले. माझं दहन करा असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. ते न ऐकता देह जतन केला आणि हनोईत काचेच्या पेटीत ठेवला. लोक रांगेनं बघून बाहेर पडतात. गनिमी काव्याची त्यांची स्वतःची परंपरा मोठी आहे: तेराव्या शतकात सेनापती ट्रान हुंग दाओनं मंगोलांचं आरमार बाख दांग नदीत भरती-ओहोटी साधून, तळाशी लाकडी सुळके रोवून अडकवलं. महाराजांचं मोठेपण आपल्याला ठाऊक आहे, त्याला हनोईचा दाखला कशाला?

आप्पा_नाशिककर
आमच्या ग्रुपवर एका निवृत्त कर्नलांनी पाठवले होते. तरी सुळक्यांची गोष्ट चांगली आहे. ती पुढे पाठवतो.

बंडोपंत
गेलं. पुढच्या शिवजयंतीपर्यंत सुळके रायगडावर रोवलेले असतील.

खादाडखाऊ
मुद्द्यावर या, म्हणजे जेवणावर.

आईंसाठी एकच शब्द पाठ करा: 'चाय'. हसू नका. व्हिएतनामीत चाय म्हणजे शाकाहार. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी खाणं. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या आसपास, चाय पाळतात. त्यामुळे प्रत्येक गावात 'कॉम चाय' अशी पाटी असलेली खाणावळ सापडते. भात, टोफू, मश्रूम, पालेभाज्या, केळफूल. तिथे फिशसॉससुद्धा नसतो. बाकी कुठेही 'नो मीट' म्हणालात तर मांस काढतात आणि फिशसॉस तसाच ठेवतात, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे.

आता आमची फजिती. सासूबाई सकाळी सातला हनोईच्या हॉटेलात खाली उतरल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "चाय!" पोरगी लगबगीनं आत गेली आणि वाफाळता टोफू आणि भात घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, अगं हे नको, चाय, चाय! ती अजून एक वाटी मश्रूम घेऊन आली. तिसऱ्या फेरीला मी धावत खाली गेलो.

सायगावकर
@खादाडखाऊ, अर्धीच गोष्ट सांगितलीत. चहाला व्हिएतनामीत 'त्रा' म्हणतात आणि हनोईकडे त्याचा उच्चार जवळपास 'चा' होतो. म्हणजे आपला मराठी 'चा' मागितला तर मिळायला हवा. पण स्वर खाली न सोडता मधेच हेलकावला तर त्याच 'चा'चा अर्थ होतो डुकराच्या मांसाचा सॉसेज.

खादाडखाऊ
म्हणजे सासूबाई टोफूवर सुटल्या!

गुळपोळी
हसून हसून वाईट अवस्था. ऑफिसात आहे मी.

सोनचाफा
हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी गिरनारचं पाकीट आणि छोटी किटली घेऊन येणार, तोंड उघडणारच नाही.

वाळूचा_किल्ला
माझं मत वेगळं. आईवडील बरोबर असतील तर सरळ मराठी मंडळींच्या कंडक्टेड टूरनं जा. व्हीलचेअर, वरणभात, सगळी जबाबदारी त्यांची. भाषा येत नाही, कुणी आजारी पडलं तर कुठे धावणार?

निशिगंध
आजारपणाचा मुद्दा मान्य, प्रवासविमा घ्याच, आधीच्या दुखण्यांसकट. पण आम्ही आईंना अशाच एका टूरनं नेलं होतं (नाव घेत नाही). हनोईत चार जेवणं चारही वेळा त्याच भारतीय हॉटेलात, पनीर बटर मसाला. भाजीवाल्या बायका खांद्यावर कावडी घेऊन खिडकीबाहेरून जात होत्या आणि आई आत पनीर मोजत होत्या. शिवाय रोज सकाळी सहाला बॅग दाराबाहेर.

वाळूचा_किल्ला
तुम्हाला पनीर नको होतं. काही लोकांना पनीरच हवं असतं, आणि त्यात गैर काय?

निशिगंध
गैर काहीच नाही. आईंनाच कंटाळा आला होता, एवढंच म्हणतेय.

बंडोपंत
गुडघ्यांचा एक धोका कुणी सांगितला नाही. तिथली खरी खाणावळ फुटपाथवर असते आणि बसायला लहान मुलांच्या आंघोळीचं स्टूल असतं. प्लॅस्टिकचं, निळं किंवा लाल. मी ४९ चा, बसलो तर गुडघे कानाला लागले. उठताना शेजारच्या आजोबांनी हात दिला. ते ऐंशीचे असावेत.

दुपारची_झोप
रस्ता ओलांडणं कसं जमतं? हनोईचे व्हिडिओ बघून पोटात गोळा येतो.

बंडोपंत
मी पुण्याचा. मला घरी आल्यासारखं वाटलं. फक्त सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट बघून परदेशात असल्याची खात्री पटली.

सायगावकर
गंमत बाजूला. नियम असा: हळू, एका चालीनं, न थांबता, न पळता चालायचं. दुचाकीवाले तुमची चाल बघून बाजूनं वाट काढतात. मधेच थबकलात किंवा मागे फिरलात की त्यांचा अंदाज चुकतो. पण मोटारी आणि बस थांबतीलच असं समजू नका. आईबाबांना मधे घ्या आणि तुम्ही गाड्या येतात त्या बाजूला राहा.

दुसरं, मुलाच्या बाबांना स्कूटर भाड्यानं घ्यायची हौस असेल तर आवरा. आपल्याकडचं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारावरचं, व्हिएतनाम मानतो १९६८ च्या करारावरचं. भाड्याचा दुकानदार काही विचारत नाही, विमा कंपनी अपघातानंतर विचारते. ग्रॅब ॲपवर गाडी मागवा, भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही.

सोनचाफा
हौस होती. हे वाचून चेहरा पडलाय. धन्यवाद :)

पैशांचं सांगा कुणीतरी. लाखांत बिलं येतात म्हणे.

खादाडखाऊ
पहिल्या दिवशी लक्षाधीश झाल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी कफल्लक. रुपयाला साधारण तीनशे डोंगच्या आसपास धरा. सोपा हिशेब: शेवटची तीन शून्यं झाका, तिनानं गुणा, वर थोडं टाका. लाखाची नोट म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये.

सगळ्यात महत्त्वाचं: वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. अंधारात, घाईत, टॅक्सीत, हमखास चूक होते. मी नारळपाण्याला पाच लाख दिले होते. म्हातारीनं नोट परत माझ्या हातात ठेवली, माझंच पाकीट उघडायला लावलं आणि त्यातून बरोबर वीस हजारांची बोटानं दाखवली. प्रत्येक वेळी ती म्हातारी भेटणार नाही, तेव्हा पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

शेवगा
नारळपाणी कोकणातही मिळतं.

घाटवाट
@शेवगा, फणससुद्धा मिळतो तिथे, आणि वाळवलेल्या फणसाचे कुरकुरीत गरे असे असतात की आपल्या गऱ्यांच्या पिशवीची लाज वाटावी. दुरियान मात्र खाऊन बघाच.

शेवगा
दुरियान म्हणजे आमचा बरका फणसच ना?

घाटवाट
बरका फणस, त्यात लसूण, आणि तो तीन दिवस बंद गाडीत ठेवलेला. पण जिभेवर गेला की कस्टर्ड. हॉटेलात नेऊ नका, बंदीच्या पाट्या असतात.

शेवगा
हं. हे खाऊन बघायला हवं खरं.

गुळपोळी
शेवगा देश सोडायला तयार! स्क्रीनशॉट काढलाय.

दुपारची_झोप
अंड्याची कॉफी खरंच असते का? की तेही व्हॉट्सॲप?

निशिगंध
खरंच असते. हनोईत १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती, तेव्हा एका कॉफीवाल्यानं अंड्याचा बलक साखर घालून फेटला आणि कॉफीवर घातला. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, निवू नये म्हणून. अंड्याचा वास येत नाही. सोनचाफाच्या आईंना अर्थातच नाही. त्यांच्यासाठी काळी कॉफी आणि खाली आटीव दुधाचा थर, ती बर्फावर. मिल्कमेडची आठवण येते.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार, पण मूळ प्रश्न लोंबकळतोच आहे. नोव्हेंबरात दा नांग नको हे पटलं. मग बाबांचं मी सन? काल त्यांना सांगितलं, ते म्हणाले, "पाऊस असला तर काय, देव काय वाहून जाणार आहे?"

सायगावकर
देव नाही, पण रस्ता जातो. ओल्या विटांवर आणि चिखलात ७३ व्या वर्षी पाय घसरला तर? शिवाय विमानं रद्द झाली तर पुढचं हा लाँगचं सगळं कोसळतं.

मला दोन रस्ते दिसतात.

एक, दिवाळीतच जा, पण फक्त उत्तर. हनोई चार दिवस, निन्ह बिन्ह दोन रात्री, हा लाँग एक रात्र. निन्ह बिन्ह हनोईपासून दोन तासांवर. भातखाचरांतून आणि चुनखडीच्या गुहांतून होडी जाते. ताम कोकला नावाडी पाठीला टेकून चक्क पायांनी वल्ही मारतात. आईंना चढ-उतार काही नाही, फक्त होडीत पाय टाकताना हात धरा. हनोईत हो ची मिन्हचं स्मारक बघायचं तर सकाळीच, सोमवारी आणि शुक्रवारी बंद, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

दोन, सहल मे महिन्यात ढकला. तेव्हा दा नांग-होई आन कोरडं असतं. ऊन कडक, पण आपल्या मे महिन्याला सरावलेल्या माणसाला जमेल. मी सनला सकाळी सातला पोचायचं. ३० एप्रिल आणि १ मे तिथल्या मोठ्या सुट्ट्या, त्या टाळून जा.

घाटवाट
पहिला रस्ता घेतलात तरी बाबांना अगदी रिकाम्या हातानं परत आणू नका. हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात वो कान्हचा शिलालेख आहे. आग्नेय आशियातल्या सगळ्यात जुन्या संस्कृत लेखांपैकी एक, न्हा ट्रांगजवळ सापडलेला. साधा उभा दगड, अक्षरं बरीच झिजलेली. पर्यटक त्याच्याजवळ थांबत नाहीत, म्हणजे तुमच्या बाबांना निवांत उभं राहता येईल.

बंडोपंत
संस्कृत शिक्षक आणि झिजलेली अक्षरं. एक दिवस वाढवून ठेवा.

निशिगंध
माझं मत दुसऱ्याला. माणूस एका गोष्टीसाठी जात असेल तर तीच सोडून बाकी सगळं दाखवण्यात काय अर्थ?

वाळूचा_किल्ला
यावर मात्र निशिगंधशी सहमत. नोंद घ्यावी.

सोनचाफा
घरी मतदान झालं. मुलगा होडी आणि पायानं वल्ही यावर अडून बसला, आई म्हणाली मला कुठंही चालेल पण मेमध्ये आंबे सोडून जायचं जिवावर येतं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मेमध्ये जाऊ. तोपर्यंत भद्रवर्मनाचे लेख वाचून ठेवतो, नाहीतर तिथे जाऊन विटाच बघीन." नवऱ्यानं ऑफिसात मे महिन्याच्या रजेचा अर्ज टाकलासुद्धा. आमरस परत आल्यावर, असा आईशी तह झालाय.

म्हणजे दा नांग-होई आनला चार रात्री आणि मग हनोई-निन्ह बिन्ह. सायगावकर, तुमचं शहर या वेळी राहतंय, राग मानू नका.

सायगावकर
राग कसला. साताऱ्याला आलात की भेटू.

ई-व्हिसासाठी एक सूचना: फक्त सरकारी साइटवरच अर्ज करा, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर. हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स दुप्पट-तिप्पट घेतात. आणि नाव पासपोर्टवर जसं छापलंय अगदी तसंच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते लोक गाळतात आणि विमानतळावर काउंटरवर अडतात. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी.

सोनचाफा
आत्ता कपाटातून पासपोर्ट काढले. बाबांचा मार्चमध्ये संपतोय!

बंडोपंत
बघा, भद्रेश्वरानं वेळेवर सांगितलं.

शेवगा
दुरियानचा सीझन कधी असतो?